जिप्सीसाठी थर्मोस्टॅट कोणता: ७६, ८२ का ८८? नागपूरच्या उन्हात वापरून लिहिलेला रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो, ज्यांना फक्त उत्तर पाहिजे ते इथूनच मोकळे. मारुती जिप्सी असेल आणि तुम्ही महाराष्ट्रात कुठंही राहत असाल, नागपूर काय न नाशिक काय, तर ८२ डिग्रीचा ओरिजनल थर्मोस्टॅट (इंजिनचं पाणी रेडिएटरकडं कधी सोडायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह) घ्या न बसवा. ७६ च्या नादी लागू नका, ८८ ची आपल्याकडे गरज नाही, आणि काढून फेकायचा सल्ला कोणी देत असेल तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. आता असं का, ते ज्यांना ऐकायचंय त्यांनी बसा निवांत, कारण हे तिन्ही नग एकाच गाडीत आळीपाळीनं बसवून, त्यात उन्हाळा न हिवाळा दोन्ही काढून मग लिहून राहिलो.

गाडी जिप्सी किंग, १२९८ सीसीवालं जी१३ इंजिन, एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो), सेकंडहॅण्ड घेतलेली. आधी ती ताडोबाकडं सफारीत चालायची, म्हणजे आयुष्य सगळं पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये धूळ खात गेलेलं. गाडी घेतल्यावर पहिल्याच थंडीत लक्षात आलं की टेम्परेचरचा काटा जागचा हलतच नाही. अमरावती रोडला सकाळी सत्तरच्या स्पीडनं सलग तासभर चालवली तरी काटा सी च्या, म्हणजे कोल्डच्या, जरासा वर, बस. थर्मोस्टॅटवरचा एल्बो उघडला, दोन बोल्टचं काम आहे, तर आत थर्मोस्टॅट नाहीच, नुसती रिकामी खाच.

हे आमच्याकडं इतकं कॉमन आहे की कोणाला काही वाटतच नाही. मिस्त्रीला विचारलं तर त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. "भाऊ, काहून लावता परत? आपल्या नागपुरात काय काम त्याचं? थंड मुलखातल्या गाडीले लागते तो. इथं लावला न अटकला तर हेड बसन." आता या बोलण्यात अर्धं खरं आहे म्हणूनच ते इतकं पसरलंय. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अटकला तर गाडी खरंच हीट होते, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) जातं, हेड वाकतं, हे सगळं होतं. पण याच्यावरचा इलाज चांगला थर्मोस्टॅट लावणं हा आहे, नसलेला थर्मोस्टॅट हा नाही.

तर हा नग करतो काय? पितळी डबीत मेण भरलेलं असतं, ठराविक टेम्परेचरला ते मेण वितळून फुगतं, फुगलं की दांडीला ढकलतं आणि वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडतो. थंड झालं की स्प्रिंग वॉल परत बंद करते. वायर नाही, करंट नाही, काही नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट नावाच्या माणसानं ही मेणाची आयडिया काढली आणि आजपण बहुतेक गाड्यांत मूळ तेच चालू आहे. वॉल बंद असतो तोवर पाणी इंजिनमध्येच फिरतं आणि पटकन गरम होतं, उघडला की रेडिएटरकडं जातं. फ्लँजवर (बाहेरच्या चपट्या कडेवर) किंवा डबीच्या बुडाला जो आकडा ठोकलेला असतो, ८२, ८८, ७६.५ वगैरे, तो म्हणजे वॉल उघडायला सुरुवात होते ते टेम्परेचर. सुरुवात म्हणतोय, लक्षात घ्या. पूर्ण उघडायला अजून बारा-तेरा डिग्री जावं लागतं. सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये दोन प्रकार दिलेले आहेत, एक ८२ ला उघडायला लागतो आणि ९५ ला पूर्ण उघडतो, दुसरा ८८ आणि १००. पूर्ण उघडल्यावर वॉल ८ मिलिमीटरच्या वर उचलला गेला पाहिजे.

आता सगळा गोंधळ जिथं होतो ते. लोकांना वाटतं ८२ चा थर्मोस्टॅट लावला म्हणजे इंजिन ८२ वर राहील न ७६ चा लावला तर ७६ वर, म्हणजे आकडा जितका कमी तितकी गाडी थंड. तसं नाही ना राजेहो. थर्मोस्टॅट फक्त खालची मर्यादा सांभाळतो, याच्या खाली इंजिनला जाऊ द्यायचं नाही एवढंच त्याचं काम. वर किती जाईल ते रेडिएटर, फॅन, वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप), कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते) आणि बाहेरची हवा ठरवते. एकदा वॉल पूर्ण उघडला की त्याच्यावर ७६ लिहिलंय का ८८, इंजिनला काही घेणंदेणं नाही, रस्ता मोकळा तर मोकळा.

आणि मे महिन्यात होतं काय, तर रेडिएटर उष्णता किती फेकतो ते पाण्याच्या आणि हवेच्या टेम्परेचरमधल्या फरकावर असतं. पाणी ९० असेल आणि डिसेंबरच्या पहाटे हवा १० असेल तर फरक ८० चा. तेच पाणी ९० न हवा ४६, तर फरक ४४. म्हणजे तोच रेडिएटर तोच फॅन, पण काम करायची ताकद जवळपास अर्ध्यावर आली. आता त्यात तुम्ही म्हणाल मला इंजिन ७८ वर ठेवायचंय, तर फरक उरला ३२ चा. एवढ्याशा फरकात तेवढीच उष्णता फेकायची तर रेडिएटर जवळपास दीडपट मोठा पाहिजे, तो काय थर्मोस्टॅटच्या पुड्यात मिळत नाही. त्यामुळं उन्हात लोड आला की ७६ वाला बिचारा पूर्ण उघडून बसतो आणि टेम्परेचर आपलं जिथं जायचं तिथंच जाऊन थांबतं.

हे सगळं वाचून माहीत होतं तरी बसवून बघितलंच, कारण आमच्या ग्रुपात एक जण ७६ वर इतका फिदा आहे की वाद संपतच नव्हता. कंपनीच्या काट्यावर विश्वास ठेवून हे करता येत नाही, तो मधोमध बसला की बराच वेळ तिथंच बसतो, आतमध्ये सात-आठ डिग्रीचा फरक पडला तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून वेगळं डिजिटल मीटर लावलं, सेन्सर इंटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे थर्मोस्टॅटच्या इंजिनकडच्या बाजूला. हे महत्त्वाचं आहे, बरेच जण सेन्सर वरच्या होज पाईपमध्ये घालतात, तिथं वॉल उघडेपर्यंत गरम पाणी पोहोचतच नाही आणि मग मीटर दाखवतं ४० न आत इंजिन असतं ८० वर.

बसवायच्या आधी चारही नग पातेल्यात उकळून बघितले. चार म्हणजे ओरिजनल ८२, एक ८८, एक ७६.५ जो दुसऱ्या गाडीचा आहे पण त्याच खाचेत बसतो, आणि चौथा एका दुकानदारानं "सेम टू सेम, कंपनीवालेच बनवतात" म्हणून गळ्यात मारलेला लोकल, ज्याच्यावर आकडाच नाही. ही टेस्ट घरी कोणीपण करू शकतो आणि नवीन नगाची पण करावीच. वॉल बोटांनी दाबून जरासा उघडा, फटीत दोरा घालून सोडा, दोरा चिमटला जातो. मग त्या दोऱ्यानं थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात लटकवायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही कारण बूड जास्त गरम असतं, बाजूला पाक मोजायचं थर्मामीटर सोडायचं आणि गॅस एकदम बारीक. पाणी अधूनमधून ढवळत राहा. वॉल उघडायला लागला की दोरा सुटतो न नग टुपकन खाली पडतो, त्या क्षणाचं टेम्परेचर लिहून घ्यायचं. स्वयंपाकघरात हे करायची परवानगी कशी मिळवायची ते ज्याचं त्यानं बघावं, पातेलं मात्र परत घरात वापरू नका.

ओरिजनल ८२ वाला ८२-८३ ला पडला, नंतर ९५ ला व्हर्नियर लावून बघितलं तर वॉल आठच्या वर उचललेला, म्हणजे पुस्तकात लिहिलंय तसा. गार होताना पण शांतपणे बंद झाला, कुठं अडकला नाही. ७६.५ वाला ७७ ला. ८८ वाला ८९ च्या आसपास, त्याची पूर्ण उघडायची टेस्ट नीट होत नाही कारण त्याला १०० पाहिजेत आणि नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर वर आहे, इथं पाणी ९९ लाच उकळतं. पुण्यात ९८, महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच उकळी येईल, तेव्हा तिकडच्या लोकांनी वॉल पूर्ण उघडला नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. लोकल नगाचं काय सांगू. दोरा ७३ ला सुटला, मग ९५ ला वॉल जेमतेम अर्धा उघडलेला, आणि पाणी पार कोमट झालं तरी पूर्ण बंद होईना, बोटानं ढकलला तेव्हा बसला. त्याला गाडीचं तोंडसुद्धा दाखवलं नाही. माझ्या मते "थर्मोस्टॅट लावला न गाडी हीट झाली" अशा ज्या गोष्टी सगळीकडं ऐकू येतात त्यातल्या बऱ्याच या असल्या नगांमुळं आहेत.

आता गाडीतला अनुभव. ८२ बसवल्यावर पहिला बदल म्हणजे थंडीत गाडी पाच-सात मिनिटांत मार्गाला लागते, आधी पहिला अर्धा तास ॲक्सिलरेटर दिला की गाडी जरा घुटमळायची ते बंद. हिवाळ्यात हायवेला मीटर ८४ ते ८६ मध्ये खिळून. मे मध्ये दुपारी, वर्धा रोडला, गरम वारा लागत असताना ८९ ते ९२. आणि खरी परीक्षा म्हणजे सफारीसारखं चालवणं, वीसच्या स्पीडनं, पहिला-दुसरा गियर, मधे मधे थांबून इंजिन चालूच, तेव्हा ९६-९८. घाबरायचं कारण नाही, जिप्सीच्या रेडिएटर कॅपवर ०.९ लिहिलेलं असतं, तेवढ्या प्रेशरला साधं पाणीसुद्धा ११८ च्या आसपास उकळतं, कुलंट मिसळलेलं असेल तर अजून वर. फक्त कॅप चांगलं पाहिजे, रबर कडक झालेलं कॅप असेल तर हा हिशोब विसरा.

मग ७६.५ घातला. हिवाळ्यात मीटर ७८ ते ८०, हा फरक दिसला, कबूल. मे मध्ये हायवेला ८८ ते ९१. म्हणजे ८२ पेक्षा एखाद डिग्री इकडं तिकडं, ते पण कधी दिसायचं कधी नाही. आणि सफारीच्या स्पीडला? ९६-९८. तोच आकडा. म्हणजे जिथं गारवा पाहिजे होता तिथं काहीच नाही मिळालं आणि जिथं गारव्याची गरज नव्हती तिथं इंजिन सहा डिग्री थंड करून ठेवलं. ७६ नं इंजिन मरणार नाही, असं मी म्हणत नाही, जपानी कंपन्यांच्या काही गाड्यांत गरम देशांसाठी ७६.५ चे नग मिळतात. पण पैसे देऊन बदलण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या त्या ग्रुपातल्या भावाचं म्हणणं अजूनही असं की ७६ मुळं "मार्जिन" मिळतं, म्हणजे ट्रॅफिकमध्ये घुसताना इंजिन आधीच थंड असतं म्हणून गरम व्हायला वेळ लागतो. मिळतं, नाही असं नाही. किती मिळतं, तर एक लाल सिग्नल.

८८ वाला डिसेंबर-जानेवारीत चिखलदऱ्याला नेला. तिथं पहाटे बोटं आखडतात इतकी थंडी असते, आणि खरं सांगतो, तिथं मजा आली. मीटर ९०-९१, इंजिन एकदम मोकळं, पिकअप पण बरा वाटला, जरी हा मनाचा खेळ असू शकतो. पण तोच नग मे मध्ये ठेवला तर हायवेला ९४-९५ आणि रांगताना ९९-१००. कारण उघड आहे, तो पूर्ण उघडतोच १०० ला, तोवर पाणी अडवून धरतो. बिघडलं काही नाही, पण ४५-४६ च्या उन्हात मीटरवर तीन आकडे बघत चालवायला छाती पाहिजे. ज्यांच्या जिप्सीची आयुष्यं मनाली, लेह, तवांगकडं जाणारेत, जिथं रात्री उणेत जातं आणि हीटर ही चैन नसून गरज आहे, त्यांच्यासाठी ८८ बरोबर. हीटरमध्ये तेच इंजिनचं पाणी फिरतं, इंजिन जितकं गरम तितका हीटर गरम, सोपा हिशोब. इथून उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ-दहा दिवस लडाखला जाऊन येणाऱ्यांनी ८२ च ठेवावा, जाताना रस्त्यात राजस्थानपण लागतं.

आता थर्मोस्टॅट नसताना काय होत होतं ते बघा, कारण आमच्याकडं खरा सामना ८२ विरुद्ध ७६ नाहीच, ८२ विरुद्ध काहीच नाही असा आहे. डिजिटल मीटर लावलं तेव्हा गाडी अजून तशीच होती, म्हणून ते पण मोजता आलं. जानेवारीत सकाळी हायवेला मीटर ५८ ते ६२. एमपीएफआय गाडीत कॉम्प्युटर हे टेम्परेचर बघूनच पेट्रोल ठरवतो, इंजिन थंड आहे असं दिसलं की जास्त पेट्रोल सोडतो, म्हणजे अख्खा प्रवास गाडी चोक ओढल्यासारखी चालणार. ते जास्तीचं पेट्रोल सगळं जळत नाही, थोडं सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. आणि ज्वलनातून जी वाफ तयार होते ती पण थंड इंजिनमध्ये उडून न जाता ऑइलमध्येच राहते. ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं करून बघा, आतून पांढरट पिवळा चिकट फेस लागलेला असेल तर हेच चालू आहे. माझ्या गाडीत झाकणाखाली तो फेस बोटानं खरवडून निघत होता, वासाला पेट्रोल. मिस्त्री म्हणाला हेड गॅस्केट गेलंय, खोलू या. खोललं नाही, ८२ लावला, ऑइल बदललं, महिन्याभरात झाकण कोरडं. मायलेज पण लिटरमागं एखाद किलोमीटर तरी वाढलं, जिप्सीला मायलेज असतं असं गृहीत धरलं तर.

आणि मे मध्ये थर्मोस्टॅट नसताना गाडी थंड राहायची का? ही गोष्ट मला लोकांना फार पटवायची आहे. रांगताना तेव्हापण मीटर ९५-९७ वर जायचंच! म्हणजे ज्यासाठी काढला ते झालंच नाही. काही इंजिनांत तर उलटं होतं, त्यांच्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला अजून एक चकती असते, वरचा वॉल उघडताना ती खालचा बायपास बंद करते. असला थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा, आणि पाण्यातला एक हिस्सा रेडिएटरला न जाता तसाच गरम परत इंजिनमध्ये फिरत राहतो. मग गाडी थंडीत थंड आणि उन्हात गरम. असं झालं की मिस्त्री रेडिएटर बदलायला सांगतो.

सफारीवाल्यांची बाजू पण सांगतो, ते मूर्ख नाहीत, दिवसभर त्याच गाडीवर पोट आहे त्यांचं. जंगलात गाडी हीट होऊन बंद पडली तर पर्यटक खाली उतरू शकत नाहीत, मग ते कुठलाच धोका घ्यायला तयार नसतात. पण त्यांचा खरा प्रॉब्लेम दुसरीकडं आहे. जिप्सीचा फॅन पट्ट्यावर फिरतो, मधे सिलिकॉन ऑइलवाला क्लच असतो, रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की तो क्लच पकड घेतो. ऑइल गळून तो क्लच मेला की फॅन नुसता आळसात फिरत राहतो, इंजिन बंद करून हातानं पातं फिरवलं तर काहीही न अडता गरगरत जातं. त्यात वीसच्या स्पीडला आरपीएम कमी, म्हणजे फॅन आधीच हळू. त्यात रेडिएटरच्या जाळीत जंगलातली लाल धूळ बसून चिखल झालेला. त्यात फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर मागच्या कुठल्या तरी मिस्त्रीनं काढून फेकलेलं, त्याच्याशिवाय फॅन रेडिएटरमधून कमी आणि बाजूनंच जास्त हवा ओढतो. आणि सगळ्यात वरताण म्हणजे बोअरचं पाणी. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचे क्षार बादलीवर, गीझरवर कसे बसतात ते बघता ना, तेच रेडिएटरच्या नळ्यांत आतून बसतात. माझ्या गाडीत फॅन क्लच नवीन टाकला, रेडिएटर रॉडिंग (नळ्यांतून सळी घालून सफाई) करून घेतला, कव्हर भंगारातून शोधून लावलं, कुलंट भरलं, तेव्हा रांगतानाचा आकडा ९६-९८ वर आला जो मी वर सगळीकडं लिहिलाय, त्याच्या आधी १०४-१०५ बघितलेत. थर्मोस्टॅट ७६ केल्यानं एक डिग्रीसुद्धा नाही, या सगळ्या कामांनी थेट सात-आठ. पैसे कुठं घालायचे ते तुम्हीच ठरवा.

कुलंटचं एवढंच की तयार मिक्स घ्या किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. आपल्याकडं बर्फ होत नाही म्हणून कुलंट न पाणी निम्मं-निम्मं मिसळायचा हट्ट करू नका, शुद्ध पाणी कुलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, पण नुसतं पाणी ठेवलं तर गंज आणि वॉटर बॉडीचं सील दोन्ही बोंबलतात.

नेटवर शोधलं की १६० न १८० असे आकडे दिसतात आणि लोक चक्रावतात, ते फॅरनहाइटमध्ये असतात. १६० म्हणजे ७१ डिग्री, १८० म्हणजे ८२, १९५ म्हणजे साधारण ९०. उन्हाळ्यात एक, हिवाळ्यात दुसरा अशी बदलाबदली करायची पद्धत पण तिकडूनच आलीय, आणि तिला तेव्हा कारण होतं. जुन्या काळी अमेरिकेत थंडीत पाणी गोठू नये म्हणून रेडिएटरमध्ये अल्कोहोल घालायचे, मिथेनॉल स्वतः ६५ डिग्रीलाच उकळतं, म्हणून इंजिन जास्त गरम झालं की ते उडून जायचं, तेव्हा कमी आकड्याचा थर्मोस्टॅट लावावा लागे. ग्लायकॉलचं कुलंट आलं आणि ती गरज संपली. आता १६० वाले उरलेत ते रेसिंगवाले, त्यांना नॉकिंग (सिलेंडरमध्ये पेट्रोल चुकीच्या वेळी भडकून होणारी ठकठक) टाळायचं असतं, आणि त्यांचा कॉम्प्युटर त्यासाठी वेगळा ट्यून केलेला असतो. घरच्या जिप्सीत तो लावून भाजी आणायला जाण्यात काय हशील.

जिप्सी सोडून बाकी गाड्यांचं विचाराल, तर स्विफ्ट, वॅगनआर, आय टेन असल्या आडव्या इंजिनच्या गाड्यांत फॅन इलेक्ट्रिक असतो आणि तो बहुतेक वेळा ९५ च्या आसपास किंवा त्याच्याही वर चालू होतो. म्हणजे थर्मोस्टॅट ७६ चा लावा की ७१ चा, पुण्यात सिंहगड रोडला संध्याकाळी अडकलात की टेम्परेचर फॅनच्या आकड्यापर्यंत चढणारच, मग फॅन लागणार, मग उतरणार. नवीन बीएस सिक्स (प्रदूषणाचा नवा नियम) गाड्यांना, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, तर हातच लावू नका. तिथं कॉम्प्युटर थर्मोस्टॅटवर पण लक्ष ठेवतो, इंजिन वेळेत ठरलेल्या टेम्परेचरला आलं नाही की पी०१२८ कोड टाकून चेक इंजिनचा दिवा लावतो. डिझेल असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करायची प्रोसेस इंजिन पुरेसं गरम असल्याशिवाय सुरूच होत नाही, म्हणजे थंड थर्मोस्टॅट लावून डीपीएफ चोक करून घेण्याचा महागडा मार्ग आहे तो. कंपनीनं जो आकडा दिलाय तोच घ्यायचा, विषय संपला.

घेताना काय बघायचं. आकडा ठोकलेला पाहिजे, शाईनं छापलेला नाही. फ्लँजवर एक बारीक भोक आणि त्यात लटलटणारी पिन असते, जिगल पिन म्हणतात, कानाजवळ हलवली की वाजते, ती मोकळी पाहिजे. अडकलेली हवा त्या पिनेतून निघते, बसवताना जिथं नग उभा बसतो तिथं पिन वरच्या बाजूला ठेवायची, बाराच्या काट्यावर. सोबत नवीन पॅकिंग घ्या, जुनं परत लावून वरून सिलिकॉनचा लपका मारू देऊ नका, तो सिलिकॉन आत तुटून रेडिएटरच्या नळीत जातो. मेणाची डबी इंजिनच्या बाजूला आली पाहिजे, उलटा बसवलेला थर्मोस्टॅट मी एका गॅरेजात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय, गाडी दुसऱ्याची होती आणि तिच्या मालकाला तोवर तीन जणांनी इंजिन कामाला आलंय म्हणून सांगितलं होतं. बसवल्यावर कॅप उघडं ठेवून इंजिन चालू करा, वॉल उघडेपर्यंत थांबा, लेव्हल खाली जाईल तशी भरत राहा, वरचा होज हाताला एकदम गरम लागला की समजायचं उघडला. मग कॅप. आणि गरम इंजिनचं कॅप नंतर उघडायला जाऊ नका.

किंमत म्हणाल तर ओरिजनल ८२ वाला एक हजार रुपयांच्या आतच पडतो, लोकल त्याच्या निम्म्यात. पाच पैकी मार्क द्यायचे तर ८२ ला पाच, ८८ ला आपल्या हवेसाठी तीन, ७६.५ ला दोन आणि ते पण नग चांगल्या क्वालिटीचा होता म्हणून. बिनआकड्याच्या लोकलला शून्य, तो पोरानं शाळेच्या सायन्स प्रोजेक्टला नेलाय.

८८ वाला माझ्याकडं जवळपास नवीनच पडून आहे, पॅकिंगसकट. हिमाचल-उत्तराखंडकडं राहणारा कोणी आपला मराठी जिप्सीवाला असेल तर सांगा, कुरिअरचे पैसे द्या न घेऊन जा. ७६.५ वाला मात्र आमच्या त्या ग्रुपातल्या भावानं आधीच बुक करून ठेवलाय.